विश्लेषण : दुसऱ्या अल्बमचा निकाल पहिल्याच आठवड्यात का लागू नये? ‘इंडियन ओशन’चं ‘डेझर्ट रेन’ काय सांगतं?

‘बंदे’ हे गाणं मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. १९९३च्या बॉम्बस्फोटांवरचा अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ कोर्टकचेऱ्यांतून सुटून फेब्रुवारी २००७मध्ये थिएटरांत आला आणि ‘इंडियन ओशन’ हे नाव अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कॉलेजांत पोहोचलं. अनेकांना हा नवा बँड वाटला. प्रत्यक्षात तो १९९०पासून वाजवत होता आणि त्याचा दुसरा अल्बम तेव्हा दहा वर्षांचा झाला होता.

त्या अल्बमचं नाव ‘डेझर्ट रेन’. लोकसंगीत आणि रॉक यांची सांगड घालणाऱ्या बँडचं यश कशावर मोजायचं, याचं उत्तर त्यात सापडतं.

अल्बममध्ये वेगळं काय होतं?

दिल्लीच्या या बँडचा पहिला अल्बम १९९३मध्ये ‘एचएमव्ही’सारख्या बड्या कंपनीकडून आला. तेवढ्यावर रांगेत दुसरा यायला हवा होता. पण मध्ये चार वर्षं गेली, ड्रमर बदलला. १९९४मध्ये अमित किलम आले आणि सुस्मित सेन (गिटार), असीम चक्रवर्ती (तबला आणि गायन), राहुल राम (बास आणि गायन) यांच्यासह पुढे गाजलेली चौकडी जमली.

दुसरा अल्बम स्टुडिओत झालाच नाही. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत ‘सहमत’ या संस्थेच्या कार्यक्रमात बँड जे वाजवला, तेच ‘डेझर्ट रेन’. हा कार्यक्रम सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ होता. साहिबाबादला ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य करताना १ जानेवारी १९८९ला त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला होता. भारतीय बँडने लाइव्ह अल्बम काढणं तेव्हा दुर्मीळ होतं. चूक झाली तर पुन्हा टेक नाही.

नेमकं हेच या संगीताला मानवलं. लोकगीत मुळात समोरच्या माणसांसाठी असतं. ऐकणारे कसे बसलेत, यावर त्याची लय ठरते. असीम तबल्यावर बसून गायचे, तेव्हा ठेका आणि गळा एकाच माणसाचा असायचा. काचेआड तुकड्या-तुकड्यांत रेकॉर्ड करून ही मजा हाती लागणं अवघड.

मग तो गाजला का?

चित्रपटाच्या गाण्यासारखा नाही. मोठा श्रोतृवर्ग मिळाला तो २०००च्या ‘कंदिसा’ला. त्यातलं ‘मा रेवा’ नर्मदेच्या खोऱ्यातलं. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेले. आपल्या नंदुरबारमधलं मणिबेली याच लढ्यातलं गाव. पण ‘कंदिसा’तली चौकडीची घट्ट वीण आधी ‘डेझर्ट रेन’मध्ये ऐकू येते. म्हणजे दुसऱ्या अल्बमचं खरं स्वागत तिसऱ्याच्या वेळी झालं, असं म्हणायला हरकत नाही.

आज एवढी सवड कोणाला आहे? स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच गाणं ‘वाजलं’ असं मोजतात. २०२४पासून वर्षभरात एक हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टी नाही. हे गणित लक्षात घेता, ज्यांच्या गाण्यात गिटारच निवांत दोन मिनिटं बोलते, त्यांचं काय? त्यामुळे बँड अल्बमच्या फंदात न पडता सुटी गाणी सोडत राहतात. चूक त्यांची नाही.

दक्षिणेतले दोन बँड तरीही नेटाने दुसऱ्या अल्बमपर्यंत गेले. बेंगळुरूच्या ‘स्वरात्मा’चा ‘टोपीवाले’ २०१२मध्ये, तर नाशिकला जन्मलेल्या रघु दीक्षित यांच्या बँडचा ‘जग चंगा’ २०१३मध्ये आला. दोघांमागे आधीच्या अल्बमनंतरची मंचावरची काही वर्षं होती.

मुंबईच्या उपनगरांत अडतं कुठे?

गुणवत्तेत नाही. अभंगांना रॉकची जोड देणारा ‘अभंग रिपोस्ट’ आणि कबीर गाणारा ‘नीरज आर्याज कबीर कॅफे’ हे मुंबईचेच. श्रोत्यांचीही वानवा नाही. बोरिवलीत फाल्गुनी पाठक यांच्या नवरात्रीत लोकगीतं आणि ड्रम्सवर हजारो लोक नऊ रात्री नाचतातच की! उरलेल्या साडेतीनशे रात्रींचा प्रश्न आहे. पबमध्ये खाण्यापिण्याच्या बिलाशिवाय बसता येत नाही आणि कॉलेज फेस्टिव्हलचा मोसम चार महिन्यांत संपतो.

बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ ही तिन्ही नाट्यगृहं महापालिकेची. शनिवार-रविवार नाटकांचेच राहावेत, त्यावर कुणाचा डोळा नसावा. पण महिन्यातून एक मंगळवारची संध्याकाळ स्थानिक बँडना सवलतीच्या भाड्यात द्यायला काय हरकत आहे? शंभर-दीडशे रुपयांचं तिकीट, दोन माइक जास्त आणि रेकॉर्डिंगची एक सोय. ‘डेझर्ट रेन’लाही मुळात एक मंच आणि समोर बसलेली माणसंच लागली होती.