धुरा जागेवरच आहे, नकाशा सरकला!



कारंजा तालुक्यात आज कोणत्याही गावच्या पारावर जा, कोणीतरी मोबाइलवर आपले वावर पाहत बसलेला असतो. आकाशातून काढलेल्या फोटोवर गटाच्या रेघा दिसतात आणि तिथूनच वादाला तोंड फुटते. रेघ धुऱ्यावर नसतेच. धुऱ्यावरचा निंब रेघेच्या अलीकडे, शेजाऱ्याची तूर रेघेच्या पलीकडे. एकाला वाटते आपले चार तास गेले, दुसऱ्याला वाटते आपल्याला सापडले. ज्या धुऱ्यावर तीन पिढ्यांनी शेजारी बसून भाकर खाल्ली, त्याच धुऱ्यावर दोन घरे काठ्या घेऊन उभी राहतात.

आमचे म्हणणे एवढेच, की काठी उचलण्याआधी एक प्रश्न विचारा. ही रेघ तिथे बसवली कशी?

आपल्या शिवाराचे मूळ नकाशे साखळीने मोजलेले आहेत. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडची मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीने झाली. साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. हा हिशेब आपल्या बायाबापड्यांनाही तोंडपाठ आहे. त्या मोजणीचे काम होते सारा ठरवणे. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत किती साखळ्या, किती आणे, हे टिपणात लिहिले गेले. पण तो दगड पृथ्वीच्या पाठीवर नेमका कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे, याची त्या कामाला गरजच नव्हती.

अक्षांश-रेखांशाचे काम वेगळे लोक करत होते. मोठमोठे त्रिकोण टाकून देश मोजणारा विल्यम लॅम्टन १८२३ साली आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारला. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार किती चपटा धरायचा याचे माप ठरवले. भारताचे जुने सरकारी नकाशे त्या मापावर आहेत. आजचा जीपीएस दुसरे माप धरतो. त्यामुळे एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन मापांत वेगवेगळे येतात. जुने आकडे तसेच्या तसे नव्या नकाशावर टाकले, तर आपल्या भागात ती विहीर शंभर मीटरहून जास्त सरकते. विहीर खणली तिथेच आहे, माप बदलले!

आता हे सगळे संगणकात चालले आहे. केंद्राचा जमीन अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. कागदावरच्या रेघा संगणकात गिरवल्या, की प्रत्येक कोपऱ्याचे दोन आकडे तयार होतात. त्यांना निर्देशक म्हणतात. कागदावरचे हे निर्देशक जमिनीवरच्या निर्देशकांत बदलण्याचे गणित सॉफ्टवेअर करते. ते गणित तीन तऱ्हेचे असते आणि आपल्या धुऱ्याचे भवितव्य त्यातच आहे.

पहिली तऱ्हा साधी. नकाशा सरकवायचा, फिरवायचा, सगळ्या बाजूंनी सारखाच लहान-मोठा करायचा. वावराचा आकार बिघडत नाही. दुसऱ्या तऱ्हेत लांबी वेगळी ताणता येते, रुंदी वेगळी. बाज खचली की समोरासमोरचे गात समांतर राहतात पण काटकोन जातो, तसा नकाशा तिरका होऊ शकतो. जुना कागद एका अंगाने जास्त आकसलेला असेल, तर ही तऱ्हा उपयोगी पडते. तिसरी तऱ्हा सायकलच्या ट्यूबसारखी. जिथे दगड सापडला तिथे नकाशा ओढून बसवायचा. दगडापाशी सगळे बरोबर दिसते, पण मधल्या वावरांच्या रेघा कुठेही वाकतात.

यात एक मेख आहे. दुसऱ्या तऱ्हेने नकाशा फक्त तीन दगडांवर बसवला, तर संगणक चूक शून्य दाखवतो. नेहमीच! तीन दगडांपैकी एक कोणी रात्रीतून उपटून दुसरीकडे रोवला असला, तरी चूक शून्यच. कारण तीन जागा जुळवण्याइतकी मोकळीक त्या गणितातच आहे. म्हणून ‘चूक शून्य’ ऐकून भुलू नका. जास्तीचे दगड घ्या, त्यातले काही गणिताबाहेर ठेवा आणि शेवटी त्यांच्यावर नकाशा ताडून पाहा. खरी चूक तिथे कळते.

दुसरी गफलत पाटीची. नकाशाचे आकडे कोणत्या मापाचे, याची पाटी संगणकात लावावी लागते. पाटी बदलणे वेगळे आणि आकडे बदलणे वेगळे. क्विंटलच्या पोत्यावर मणाची पाटी लावली म्हणून कापूस घटत नाही. सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांची एक पद्धत आहे. तिच्यात कारंजा ४३व्या पट्ट्यात आणि यवतमाळ ४४व्या पट्ट्यात पडते. सीमा ७८ अंश रेखांशाची. कारंजाच्या आकड्यांवर ४४ची पाटी लागली, तर आपले वावर सहाशे किलोमीटर पूर्वेला, ओडिशात बलांगीरच्या आसपास जाऊन पडते. एवढी मोठी चूक कोणाच्याही डोळ्यात भरते. धोका आहे तो दोन-चार मीटरच्या चुकीचा, कारण ती खरी वाटते.

दोन मीटर म्हणजे किती? शंभर मीटर लांब धुरा एक मीटर सरकला, की जवळजवळ एक गुंठा इकडचा तिकडे जातो. १ : ५,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाड रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. रेघेच्या नुसत्या जाडीतच अडीच गुंठे!

क्षेत्राचेही तसेच. मोबाइलवरचे बहुतेक नकाशे ज्या सपाट पद्धतीने काढलेले असतात, तिच्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे क्षेत्र फुगते. दुरुस्ती न करता त्या पद्धतीच्या आकड्यांवरून मोजले, तर कारंजाच्या अक्षांशावर ४० गुंठ्यांचे साडेपंचेचाळीस गुंठे होतात. अशा आकड्यावर खरेदी, बटई किंवा भरपाई ठरवणाऱ्याने आपले नुकसान स्वतःच ओढवून घेतले.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. मोजणीला येणारा रोव्हर चांगल्या उघड्या जागेत काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. पण तो कुठे उभा आहे, एवढेच सांगतो. धुरा कुठे असायला हवा, हे त्याला ठाऊक नाही. ते टिपणात आहे, दगडात आहे आणि वर्षानुवर्षांच्या वहिवाटीत आहे.

म्हणून गावाचा नकाशा नव्याने बसेल तेव्हा आपण या गोष्टी मागायच्या :

१. कोणते दगड धरले, त्यांची यादी पंचांसमक्ष व्हावी. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड आधी धरावेत.

२. गणिताची कोणती तऱ्हा वापरली आणि प्रत्येक दगडावर किती चूक राहिली, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे.

३. आकसलेल्या कागदाच्या रेघेपेक्षा टिपणात लिहिलेले साखळी-आणे प्रमाण मानावेत. कागद आकसतो, लिहिलेला आकडा आकसत नाही.

४. शेजारच्या दोन गावांच्या नकाशांत शिवेवर फट किंवा दुबार जमीन राहिली, तर दोन्ही गावांना एकत्र बोलावून ती मिटवावी.

५. रेघ बदलण्याआधी दोन्ही शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकावे.

आणि एक काम आपले स्वतःचे. हद्दीच्या खुणा राखणे ही कायद्यानेही जमीनधारकाचीच जबाबदारी आहे. नांगरताना दगडाला फाळ लागला, तो काढून विहिरीच्या काठाला लावला, असे आपल्यातल्या कितीजणांनी केले? उद्या नकाशा त्याच दगडावर बसणार आहे. पेरणीआधी शेजाऱ्याला सोबत घ्या, धुऱ्यावरून एक फेरी मारा, उरलेले दगड मोजा, गेरू लावा. सभेला येताना सातबारा आणि मोजणीची ‘क’ प्रत घेऊन या. आणि मोबाइलवरची रेघ पाहून कोणी भांडायला उठला, तर त्याला आधी पाणी द्या आणि मग विचारा, “बाबा, किती दगडांवर बसवला हा नकाशा?”