पायीं पाहिलेलें गांव

प्राचीन गांव खरोखर पाहावयाचें असेल तर तें पायींच पाहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. गाडींतून जाणारास इमारती दिसतात. पायीं चालणारास त्या इमारतींमधील अंतर कळतें, आणि पुष्कळदां इतिहासाचें मर्म त्या अंतरांतच असतें. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गांवीं एक दिवस सावकाश हिंडतांना आम्हांस याचा प्रत्यय आला.

हें गांव आपणांस अगदींच परकें नव्हे. येथील विश्वविद्यालयांत शिकलेले रेव्ह. रॉबर्ट नेस्बिट इ. स. १८२७ मध्यें मुंबईस आले, आणि पुढें उत्तम मराठी जाणणारे म्हणून नांवाजले गेले.

पश्चिमेकडील जुन्या वेशींतून आम्ही आंत शिरलों आणि उत्तरेच्या रस्त्याला लागलों. इ. स. १४१३ पासून चालत आलेल्या त्या विश्वविद्यालयाच्या एका मनोऱ्यापाशीं फरसबंदींत 'पी. एच.' अशीं दोन अक्षरें बसविलेलीं आहेत. इ. स. १५२८ मध्यें पॅट्रिक हॅमिल्टन या तरुण सुधारकास पाखंडी ठरवून येथें जिवंत जाळिलें. त्या अक्षरांवर पाय पडल्यास परीक्षेंत अपयश येतें, अशी तेथील विद्यार्थ्यांची समजूत आहे. आमच्या वाचकांस ती फारशी नवलाची वाटणार नाहीं!

तेथून थोड्याच मिनिटांत समुद्रकांठचा पडका किल्ला लागतो. त्याच्यासमोर १ मार्च १५४६ रोजीं जॉर्ज विशार्ट यांस जाळण्यांत आलें. पुढें तीनच महिन्यांच्या आंत धर्मसुधारणेच्या पक्षांतील कांहीं लोकांनीं त्याच किल्ल्यांत कार्डिनल बीटन यांचा खून केला, व त्यांचें प्रेत तटावरून लोंबकळत ठेविलें. आणखी कांहीं पावलें गेलें कीं भव्य कथीड्रलचे अवशेष दिसतात. इ. स. १३१८ मध्यें रॉबर्ट ब्रूस राजाच्या समक्ष त्याची प्रतिष्ठापना झाली होती. इ. स. १५५९ मध्यें जॉन नॉक्स यांच्या प्रवचनांनंतर त्यांतील मूर्ति व वेद्या फोडण्यांत आल्या. पुढें तें ओस पडलें, आणि त्याचे दगड लोकांनीं घरें बांधावयास नेले.

पुस्तकांत हीं प्रकरणें निरनिराळीं असतात, आणि प्रत्येक पंथ आपल्याच रक्तसाक्षींचें प्रकरण मोठ्यानें वाचतो. पायांना मात्र हीं सारीं स्थळें एकाच फेरींत आढळतात. आम्ही प्रॉटेस्टंट आहों. हॅमिल्टनच्या अक्षरांपाशीं आम्ही बराच वेळ नम्रपणें उभे राहिलों. किल्ल्याच्या तटाखालीं मात्र आमचीं पावलें आपोआप झपझप पडूं लागलीं. हें ध्यानांत येतांच आम्हांस लाज वाटली, व आम्ही मागें परतलों. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ आणि आपल्या डोळ्यांतील मुसळ यांचा दृष्टांत आम्ही वर्गांत किती वेळां सांगितला असेल!

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, सुटींत मुलांस एखादें जुनें गांव किंवा किल्ला पायीं, सावकाश दाखवावा. ज्या दगडांनीं आपला अभिमान वाढतो तेथें त्यांस खुशाल थांबूं द्यावें. परंतु ज्यांच्यापाशीं आपली मान खालीं जाते तेथेंही घाई करूं नये. तेथें घटकाभर थांबण्यास जो शिकला, त्याचा इतिहासाचा अभ्यास खरा सुरू झाला असें आम्ही समजतों.