कोठडीतील परक्याचा कैवार

भारतीय राज्यघटनेची दोन कलमे शेजारी ठेवून वाचा. भाषणस्वातंत्र्य देणारे 19 वे कलम 'नागरिक' म्हणते. जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणारे 21 वे कलम 'व्यक्ती' म्हणते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिच्या हातून गेलेल्या या घटनेत माणसाचा जीव राखण्यासाठी त्याचा देश विचारण्याची अट नाही. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन अरुणाचलात आलेल्या बौद्ध चकमांच्या खटल्यात, 9 जानेवारी 1996 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: नागरिक असो वा नसो, प्रत्येक मनुष्याच्या जीविताचे रक्षण करणे राज्यास बंधनकारक आहे.

परंतु हक्क घटनेत लिहिलेला असणे निराळे आणि तो कोठडीतील माणसाच्या हाती पडणे निराळे. आसामकडे पाहा. तेथे परकीय न्यायाधिकरणापुढे आपण भारतीय आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच असतो. 1946 च्या कायद्याने तो घातला. त्याच्या जागी आलेल्या 2025 च्या कायद्यानेही तो कायम ठेवला. वडिलांच्या नावात एका मात्रेचा फरक, सासरी गेलेल्या स्त्रीजवळ जन्मदाखला नाही, मजुरीपायी तारीख चुकली, की एकतर्फी निकाल! मग गोआलपाडा, कोक्राझार, तेजपूर येथील तुरुंगांत अनेकांची वर्षे गेली. 2023 पासून अशांना मातियाच्या छावणीत ठेवू लागले.

ही दारे थोडी तरी उघडली ती वकिलांच्या चिकाटीने. मे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांहून अधिक काळ स्थानबद्ध असलेल्यांना सोडण्याची मुभा दिली. पण प्रत्येकी 1 लाख रुपयांचे दोन जामीनदार मागितले. रोजंदारीच्या मजुराने ते कोठून आणावेत? वकील पुन्हा न्यायालयात गेले. एप्रिल 2020 मध्ये मुदत दोन वर्षांवर आणि जामिनाची रक्कम 5,000 रुपयांवर आली.

परक्यास कायद्याने परत पाठविण्याचा राज्याचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की परका कोण हे त्याचे ऐकून घेतल्यावाचून ठरवू नये. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामातील एका माणसाला भारतीय ठरविले. तो मरून तेव्हा दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. उशिरा मिळालेला न्याय त्याच्या काय कामाचा?

वाचकहो, सरकारी कागदावर आपले नाव कोणी कसेही लिहावे, हा अनुभव आपल्या वाडवडिलांना नवा नव्हता. म्हणून हे काम परके मानू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतील व्यक्तीस विनामूल्य वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते. शेजारच्या परप्रांतीय मजुरास नोटीस आली, तर ती त्याला वाचून दाखवा, तारीख चुकवू देऊ नका, त्याला त्या कार्यालयापर्यंत न्या. आणि आपली मुले कायदा शिकत असतील, तर त्यांना सांगा: ज्याच्यासाठी बोलणारा कोणी नाही, त्याचे वकीलपत्र प्रथम घ्या.