नोंद न झालेली चोरी

उन्हाळा चढू लागला की उजनी धरणाचे पाणी मागे सरकते आणि इंदापूर तालुक्यातला शेतकरी त्या पाण्याच्या मागे चालू लागतो. पळसदेव, कळाशीच्या काठावर थोड्या थोड्या दिवसांनी मोटर पुढे न्यायची, पाइपाचे आणखी तुकडे जोडायचे, केबल वाढवायची. असे करता करता मोटर वस्तीपासून फार लांब जाते. तिथे रात्री कोणी नसते. सकाळी पाणी आले नाही म्हणून माणूस काठावर जाऊन बघतो, तर मोटर गेलेली. किंवा मोटर जागेवर आहे आणि केबल कापून नेलेली आहे. केबल जाळली की आतले तांबे मोकळे होते आणि ते भंगारात किलोवर विकले जाते. चोराच्या हाती त्यातून थोडेच पैसे पडतात. शेतकऱ्याची मात्र भर उन्हाळ्यातली पाण्याची पाळी जाते, आणि उभ्या उसाला एक पाळी चुकली तर काय होते हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, बारामतीच्या बाजूला, हेच दुखणे डीपीच्या, म्हणजे विजेच्या रोहित्राच्या, चोरीच्या रूपाने येते. रात्री डीपी खाली पाडायची, ऑइल सांडून द्यायचे, आतली तांब्याची कॉइल काढून न्यायची. एका डीपीवर अनेक शेतकऱ्यांची जोडणी असते, त्यामुळे एका रात्रीत सगळ्यांचे पाणी बंद पडते. नवी डीपी मिळण्याआधी पोलिसांचा कागद लागतो, आणि त्या कागदासाठीच्या खेपा चोरीनंतर सुरू होतात.

आम्ही मुद्दाम या लहान चोऱ्यांपासून सुरुवात केली. बारामती-इंदापूरच्या गुन्हेगारीची चर्चा होते ती मोठ्या घटनांवरून. ऑगस्ट २०२२ मध्ये पुणे-सोलापूर महामार्गावर इंदापूरजवळ वरकुटे परिसरात गोळीबार करून गाडीतली साडेतीन कोटींहून अधिक रक्कम लुटली गेली. एप्रिल २०२३ मध्ये बारामतीच्या देवकातेनगरात घरात एकट्या असलेल्या महिलेला बांधून एक कोटीच्या वर ऐवज नेला गेला. त्या दरोडेखोरांनी ज्योतिषाकडून मुहूर्त काढून घेतला होता, हे पुढे तपासात निघाले. मार्च २०२४ मध्ये इंदापुरात महामार्गालगतच्या हॉटेलात जेवायला बसलेल्या माणसाचा गोळ्या झाडून आणि कोयत्याने वार करून खून झाला. त्याच वर्षी मे महिन्यात इंदापूरच्या तहसीलदारांच्या गाडीवर भर दिवसा हल्ला झाला, आणि ३० सप्टेंबरला बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारात बारावीच्या विद्यार्थ्याचा कोयत्याने खून झाला.

या मोठ्या गुन्ह्यांमध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी काही केले नाही असे कोणी म्हणू शकत नाही. देवकातेनगरच्या दरोड्याचा छडा स्थानिक गुन्हे शाखेने चार महिन्यांत लावला. दरोडेखोर सापडले, ज्योतिषीही सापडला, मुद्देमालाचा मोठा भाग परत मिळाला. महाविद्यालयातल्या खुनानंतर बारामतीत शक्ती अभियान सुरू झाले, तक्रार पेट्या आणि संपर्क क्रमांक आले. मन लावले, माणसे लावली की तपास होतो. प्रश्न असा आहे की माणसे किती आहेत, आणि ती कुठे कुठे लावली जातात.

बारामती तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चार लाखांच्या पुढे होती, इंदापूरची पावणेचार लाखांच्या पुढे. त्यानंतर एमआयडीसी वाढली, महाविद्यालये वाढली, शहराभोवतीच्या वस्त्या वाढल्या. या एवढ्या पसाऱ्याला बारामती शहर, बारामती तालुका, वडगाव निंबाळकर, माळेगाव आणि सुपे, तर तिकडे इंदापूर, भिगवण आणि वालचंदनगर अशी ठाणी आहेत. माळेगाव आणि सुप्याचे ठाणे अलीकडच्या काही वर्षांत झाले आणि ते चांगलेच झाले. पण नवे ठाणे म्हणजे नवी माणसे असतेच असे नाही. फलक नवा लागतो आणि जुन्याच संख्याबळाची वाटणी होते, हा अनुभव सगळ्या महाराष्ट्राचा आहे. देशपातळीवर पाहिले तर १ जानेवारी २०२० च्या आकडेवारीनुसार लाख लोकसंख्येमागे सुमारे १९५ पोलीस मंजूर होते, प्रत्यक्षात होते सुमारे १५५. महाराष्ट्राने २०२४ मध्ये सतरा हजारांहून अधिक पदांची भरती काढली. ती भरती खरी आहे. पण निवृत्ती, बदल्या आणि प्रशिक्षणाचा काळ यांतून वाट काढत तिचा माणूस एखाद्या वाडीच्या बीटपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

जे आहेत, त्यांचे वर्ष कसे जाते तेही बघितले पाहिजे. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी याच दोन तालुक्यांतून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण. त्या दिवसांत ठाणी जवळजवळ रिकामी होतात, आणि तसे व्हायलाही हवे. लाखो वारकऱ्यांची सुरक्षितता दुय्यम नाही. त्यामागून गणपती आणि नवरात्र येते. मग कारखान्यांचा हंगाम सुरू होतो, आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे अपघात रस्त्यांवर येतात. बारामतीत मंत्र्यांचे, नेत्यांचे दौरे वर्षभर चालतात आणि प्रत्येक दौऱ्याला बंदोबस्त लागतो. निवडणूक आली की दोन-दोन महिने जातात. महामार्गावर अपघात झाला की पंचनाम्याला माणूस हवा, न्यायालयात आरोपी न्यायला माणूस हवा, समन्स बजावायला हवा, वाळूच्या कारवाईत महसूल खात्यासोबत उजनीच्या पात्रात उतरायला हवा. रात्रीच्या गस्तीला उरतो तो दिवसभर बंदोबस्त करून आलेला हवालदार. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तो एका पोलीस शिपायाने मांडलेल्या आराखड्यावरून. ग्रामीण ठाण्यातल्या शिपायाला आठ तासांची ड्युटी अजून दूरची गोष्ट वाटते.

त्यात भूगोलाची भर आहे. नीरा ओलांडली की पलीकडे माळशिरस आणि फलटण, म्हणजे सोलापूर आणि सातारा जिल्हे. उजनीच्या पलीकडे करमाळा. चोराला जिल्ह्याची हद्द अडवत नाही, तपासाला मात्र ती जाणवते. इंदापुरातून गेलेले तांबे करमाळ्यात विकले गेले तर दोन ठाण्यांनी एकमेकांशी बोलावे लागते, आणि दोन्ही ठाण्यांत त्या चोरीची नोंद असावी लागते.

नागरिकांचा खरा संताप इथेच आहे. चोर सापडला नाही याचा राग येतो, पण तो मावळतो. ठाण्यात गेल्यावर नुसता अर्ज घेतला आणि पाठवून दिले, याचा राग टिकतो. अर्ज आणि गुन्हा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुन्हा दाखल झाला की त्याला क्रमांक मिळतो, तपास अधिकारी मिळतो, न्यायालयाला अहवाल द्यावा लागतो. अर्ज फायलीत जातो. चोरीला गेलेला मोबाईल कागदावर ‘गहाळ’ होतो आणि मोटर ‘चौकशीवर’ राहते. यात ठाणे अंमलदाराचा आळस असतो असे नेहमीच म्हणता येणार नाही. दाखल झालेला प्रत्येक गुन्हा ठाण्याच्या आकड्यात चढतो. उघड न झालेल्या गुन्ह्यांबद्दल वरिष्ठांच्या बैठकीत उत्तर द्यावे लागते. हाताशी पाच माणसे असलेला अधिकारी आकडा वाढू द्यायला कचरतो, हे समजण्यासारखे आहे.

समजण्यासारखे आहे, तरी ते चूक आहे, आणि पोलिसांच्याच हिताच्या विरुद्ध आहे. नवे ठाणे, नवी पदे मंजूर करताना शासन लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि गुन्ह्यांची संख्या पाहते. ज्या चोऱ्या कागदावर नाहीत त्या मंत्रालयात नाहीत. गावोगावच्या मोटरी अर्जांच्या फायलीत पडून राहिल्या, तर तो भाग कागदावर शांत दिसतो आणि त्याच्या वाट्याला वाढीव माणूस येत नाही. माणूस नाही म्हणून नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून माणूस नाही, या फेऱ्यात नागरिक आणि हवालदार दोघेही सारखेच अडकले आहेत.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ऑनलाइन तक्रारीची सोय दिली. तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रथम खबरीची प्रत मोफत मिळते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते, आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मात्र याच नव्या कायद्यात शेतकऱ्याला अडचणीची ठरणारी एक तरतूद आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र धरली जाते. कापून नेलेल्या केबलची किंमत पंचनाम्यात काय धरली, यावर पुढचा सगळा तपास ठरतो. म्हणून खरेदीची पावती जपून ठेवणे, नसेल तर नव्या केबलचे दरपत्रक सोबत नेणे, याला आता अर्थ आला आहे.

नोंद होत नाही, गस्त दिसत नाही, तेव्हा लोक स्वतः काठी हातात घेतात. २०२४ च्या जून-जुलैमध्ये बारामती, इंदापूर, दौंडच्या आकाशात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या पसरल्या. ड्रोनने घरे हेरून चोऱ्या होणार, अशी धास्ती बसली आणि गावेच्या गावे रात्र रात्र जागली. गावाने जागे राहणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. जागल्या आणि रामोशी गाव राखत. चोरांचा माग ज्या गावाच्या शिवेत गेला त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा किंवा नुकसान भरून द्यायचे, अशी वहिवाट होती. आजही गावात पोलीस पाटील आहे, १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने त्याला अधिकार दिले आहेत, आणि २०२४ मध्ये त्याचे मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झाले. एका फोनवर गावातल्या सगळ्यांना सावध करणारी ग्रामसुरक्षा यंत्रणाही पुणे जिल्ह्यात आहे. ही साधने चांगली आहेत.

पण भीती आणि अफवा यांच्या हातात काठी गेली की काय होते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ ला राईनपाड्यात पाहिले. धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात मुले पळवणारे समजून जमावाने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याच्या बाजूचे, म्हणजे आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले नाथपंथी डवरी गोसावी. चोरी झाली की संशयाचे बोट कोणत्या पालावर जाते, हे आपल्या गावांत सर्वांना माहीत आहे आणि ते मोठ्याने कोणी बोलत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. त्यांच्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, नजर मात्र बदलली नाही. गस्त घालणाऱ्या तरुणांनी अनोळखी माणसाला अडवले तर ११२ ला फोन करून पोलीस येईपर्यंत थांबायचे, हात लावायचा नाही, हे पोलीस पाटलाने प्रत्येक रात्री निघण्यापूर्वी सांगितले पाहिजे. पोलीस वेळेत आले तरच हे सांगणे टिकेल.

पोलीस अधीक्षकांकडे आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. या आठही ठाण्यांत दरमहा किती चोरीचे अर्ज आले, त्यांतल्या कितींचे गुन्हे झाले आणि किती माल परत मिळाला, हे तीन आकडे ठाण्याच्या दर्शनी फलकावर लावावेत. उन्हाळ्याआधी उजनीकाठच्या आणि कालव्याच्या पट्ट्यातल्या गावांत बीट अंमलदाराने पोलीस पाटलाबरोबर बसून मोटरींच्या क्रमांकांची यादी करावी. ज्या मोटरीवर क्रमांक पुसला गेला आहे तिच्यावर शेतकऱ्याने नाव कोरून घ्यावे. तांब्याचा व्यवहार करणाऱ्या भंगार दुकानांच्या वह्या तपासाव्यात, आणि ही तपासणी करमाळा, माळशिरस, फलटणच्या ठाण्यांशी बोलून एकाच आठवड्यात व्हावी.

कारण टोळी पकडली जाते तेव्हा काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. दहा-वीस मोटरी जप्त होतात, त्यांच्यामागे उभे राहून छायाचित्र काढले जाते, बातमी येते. ज्यांचा गुन्हा नोंद आहे ते न्यायालयाच्या आदेशाने आपली मोटर सोडवून नेतात. उरलेल्या मोटरी कोणाच्या, हे सांगणारा कागद नसतो. त्या ठाण्याच्या आवारात, भिंतीला लागून, पावसात पडून राहतात, आणि त्यांचे मालक तिथून काही किलोमीटरवर कर्ज काढून घेतलेली दुसरी मोटर पाण्याकडे ढकलत असतात.