पोस्टर कुणाशी बोलते?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावी आम्ही अंगणवाडीच्या भिंतीवर पोस्टर लावत होतो. विषय नेहमीचाच, मुलगी वाचवा. वरून छापून आलेला गठ्ठा होता. गुळगुळीत कागद, चार रंग. चित्रात तळहातावर ठेवलेला गर्भ, शेजारी उघडी कात्री, आणि खाली पोटातली मुलगी आईला विनवते आहे अशा अर्थाचा मजकूर. मी खळ लावत होते, सहकारी मैत्रीण कागद ताणून धरत होती. मागे पाच-सहा बाया येऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका आजींनी बराच वेळ चित्र न्याहाळले आणि विचारले, शिवणाचा क्लास कधी सुरू होणार?

आम्ही हसलो. मग चित्राचा अर्थ समजावून सांगितला, मजकूर वाचून दाखवला. आजी काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हाई मायले काबर सांगतस? तिना हातमा काय शे?" हे आईला कशाला सांगता, तिच्या हातात काय आहे?

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात आम्हाला प्रसारमाध्यमांबद्दल शिकवले होते. अक्षर किती अंतरावरून वाचता यावे, मजकूर किती ओळींचा असावा, कोणता रंग कोणत्या रंगावर उठून दिसतो, हे सारे मी शिकले होते. परीक्षेसाठी केलेल्या पोस्टरला चांगले गुणही मिळाले होते. पण हे पोस्टर नेमके कुणाशी बोलते, हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो त्या आजींनी विचारला, आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते.

खरे तर यात खानदेशातल्या कुणाला नवल वाटू नये. आपल्या बहिणाबाई चौधरींना कुठे लिहिता येत होते? अक्षर न येणारी बाई अडाणी असते, तिला 'जागृत' करायला चित्र लागते, असे आपण धरून चालतो. पण चित्रातला खोटेपणा तिला आपल्याआधी दिसतो.

आजींचा प्रश्न मी तेव्हा वहीत लिहून ठेवला आणि विसरून गेले. तो पुन्हा आठवला जळगाव जिल्ह्यातल्या एका बचत गटात. (ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.) गटातली एक बाई, दोन मुलींची आई, अचानक बैठकीला यायची बंद झाली. आम्ही त्याच सुमारास गटाच्या खोलीत तेच कात्रीचे पोस्टर लावले होते. दोन महिन्यांनी ती मला बसस्टँडवर भेटली. बोलता बोलता म्हणाली, "ताई, तुम्ही भिंतीवर माझाच फोटो लावला. मी तिथं कशी बसू?"

तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा नवरा, सासू आणि एक ओळखीचा माणूस तिला गाडीत घालून राज्याच्या सीमेपलीकडच्या एका शहरात घेऊन गेले होते. तपासणी झाली. काय निघाले ते तिला कुणी सांगितलेसुद्धा नाही. परत येताना पोट रिकामे होते. या सगळ्यात तिला कुणी एका शब्दाने विचारले नव्हते. आणि आम्ही, तिच्या बाजूच्या म्हणवणाऱ्या, तिच्या डोळ्यांसमोर तिला कात्री धरायला लावून मोकळ्या झालो होतो. ती पुन्हा गटात आली नाही. हे मला अजून टोचते, म्हणून हे लिहिते आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. मुलींच्या घटत्या संख्येवरची आपली बहुतेक पोस्टर्स चुकीच्या माणसाशी बोलतात. ज्यांच्या हातात निर्णय असतो, पैसा असतो, यंत्र असते, त्यांना ती काही विचारत नाहीत. जिच्या हातात काही नसते त्या आईला मात्र दोष देतात.

गंमत अशी की कायदासुद्धा इतका आंधळा नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला. त्यामागे मुंबईतल्या स्त्री-संघटनांची आणि आरोग्य कार्यकर्त्यांची मोठी मोहीम होती. मग १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, २००३ पासून तो अधिक कडक झाला. या केंद्रीय कायद्याचे २४ वे कलम आपण प्रत्येकीने वाचायला हवे. उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने असेच मानायचे, की गर्भवती स्त्रीवर तिच्या नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी ही तपासणी लादली. म्हणजे कायदा जिला दबावाखालची समजतो, तिलाच आमचे पोस्टर आरोपी समजते. कायदा करणाऱ्यांना जे कळले ते पोस्टर छापणाऱ्यांना कळू नये?

दुसरी चूक शब्दाची आहे. 'भ्रूणहत्या' हा शब्द आपण सर्रास लिहितो. गर्भपात १९७१ च्या कायद्याने, त्यातल्या अटी पाळून, आपल्याकडे वैध आहे. गुन्हा आहे तो लिंगनिवडीचा. 'हत्या' म्हटले की दोन्ही एकात मिसळते. मग नको असलेल्या गर्भाने अडचणीत सापडलेली मुलगी सरकारी दवाखान्याची पायरी चढायला घाबरते आणि भलत्याच्या हाती सापडते. पोस्टरवरच्या एका शब्दाने हक्काचे एक दार लोटले जाते.

तिसरी चूक आहे 'मुली नसतील तर सुना कुठून आणाल' या धर्तीच्या घोषणांची. यात मुलगी जगायची कशासाठी, तर कुणाची तरी सून व्हायला, पोळ्या लाटायला. ती माणूस आहे म्हणून जगावी, असे म्हणायला आपल्याला एवढा संकोच का वाटतो?

ही सवय जुनी आहे. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाशेजारचे चार हसरे चेहरे आठवा. आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. ज्या घरात दोन्ही मुलीच आहेत त्या आईने त्या चित्रात आपले घर कुठे शोधायचे? छोटे कुटुंब सुखी कुटुंब हे चित्राने सांगितले, पण त्यात मुलगा हवाच हेही न बोलता सांगितले. १९८० च्या दशकात तपासणी केंद्रांनीही जाहिराती लावल्या होत्या. आज थोडे पैसे खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या. त्या जाहिरातींना मात्र आपण कुणाशी बोलतो आहोत हे पक्के ठाऊक होते. त्या खिशाशी बोलत होत्या.

आता आकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८४२ राहिल्या. २०१५ मध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या शंभर जिल्ह्यांत जळगाव होते. अभिमानाने नव्हे, नाइलाजाने. पुढे संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने २०२१ मध्ये दाखवून दिले, की २०१६ ते २०१९ या काळात या योजनेसाठी दिलेल्या सुमारे ४४७ कोटी रुपयांपैकी जवळजवळ ७९ टक्के रक्कम केवळ प्रसिद्धीवर खर्च झाली. म्हणजे पोस्टर, फलक, जाहिराती यांची वाण नव्हती. चौकाचौकात फ्लेक्स होते. त्यांवर पुढाऱ्याचा चेहरा केवढा आणि मुलीचा केवढा, हे फूटपट्टी लावून मोजावे.

मग पोस्टर हे साधनच टाकाऊ आहे का? मला तसे वाटत नाही. आपल्याच चळवळीत उत्तम उदाहरण आहे. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा हिचा सासरी संशयास्पद मृत्यू झाला. त्यानंतर विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंचातर्फे 'मी एक मंजुश्री' हे पोस्टर प्रदर्शन उभे केले आणि ते गावोगावी नेले. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. थोरल्या कार्यकर्त्यांकडून ऐकलेले आहे. त्या प्रकरणातला आरोपी पती १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटला. पण प्रदर्शनाने जे केले ते न्यायालयाच्या निकालावर अवलंबून नव्हते. त्याचे नाव पाहा. 'सुनांना वाचवा' नाही, 'मुलींनो, सावध राहा' नाही. 'मी एक मंजुश्री'. समोर उभी असलेली बाई ते वाचते तेव्हा 'मी' म्हणते. तिला कुणी शहाणपण शिकवत नाही. तिच्या घरात जे चालले आहे ते तिच्या एकटीचे नाही, एवढे तिला कळते. मंचाने पुढे जे केंद्र चालवले त्याचे नावही 'बोलते व्हा' असेच होते.

आम्हीही मग छापील गठ्ठा बाजूला ठेवला. जळगाव जिल्ह्यातल्या एका शिबिरात वीस-बावीस बायांना कार्डशीट आणि स्केचपेन दिले आणि विचारले, तपासणीला नेतात तेव्हा काय दिसते ते काढा. सुरुवातीला सगळ्या म्हणाल्या, आम्हाला चित्र येत नाही. भाद्रपदात गुलाबाई बसवताना भिंत आणि पाट कोण सजवते, असे विचारल्यावर हात चालू लागले. दुपारपर्यंत चौदा चित्रे झाली. एकातही गर्भ नव्हता. कात्रीही नव्हती. नऊ चित्रांत गाडी होती! पुढे ड्रायव्हर आणि नवरा, मधे सासू, मागे पदर ओढून बसलेली बाई. एकीने दवाखान्याची पाटी काढली, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही', आणि पाटीखालून आत जाणारी गाडी. दुसरीने नोटा मोजणारा हात काढला, त्यात अंगठ्या होत्या.

त्यातून आम्ही एक पोस्टर केले. गाडीचे चित्र, वर अहिराणीत आणि मराठीत एकच प्रश्न, गाडीत पुढे कोण बसले आहे? खाली तीन ओळी. बाईवर जबरदस्ती झाली असे कायदा मानतो. तपासणी करणारा डॉक्टर आणि करवून घेणारे नातेवाईक गुन्हेगार आहेत. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सक किंवा ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक यांच्याकडे करता येते. स्क्रीन प्रिंटिंग करून शंभर प्रती काढल्या, दोन रंगांत.

एका गावात ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले. तिसऱ्या दिवशी कुणी तरी फाडून टाकले. गावातली बदनामी होते असे कारण कानावर आले. त्याच भिंतीवर कात्रीचे जुने पोस्टर दोन वर्षे सुखाने होते. कुणाला ते टोचले नव्हते. टोचले होते ते फक्त त्या बाईला, आणि तिला विचारतो कोण? आम्ही फाटलेल्या जागी पुन्हा लावले, आणि आणखी एक पिठाच्या गिरणीत, जिथे बायांना थांबावे लागते आणि बोलायला वेळ असतो. त्या पोस्टरने गावातली मुलींची संख्या वाढली असा माझा दावा नाही. पण गिरणीत दोघी सुनांनी सासूसमोर तो प्रश्न मोठ्याने वाचला, हे मी स्वतः ऐकले.

काही सहकारी म्हणतात, लोकांना धक्का बसायलाच हवा, कात्री आणि रक्त दाखवल्याशिवाय कुणी थांबून बघत नाही. धक्क्याला माझा विरोध नाही. तो कुणाला बसतो, एवढेच विचारते. धक्का द्यायचा तर अंगठ्या घातलेल्या हाताला द्या.

जळगावात चित्राबद्दल बोलताना आणखी एक भान ठेवावे लागते. १९९४ मध्ये इथले लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले. छायाचित्रे आणि चित्रफितींचा धाक दाखवून मुली-बायांना गप्प ठेवले गेले, अशा तक्रारी तेव्हा पुढे आल्या. आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि मोबाईलवर घटकाभरात पोस्टर तयार होते. म्हणून आमच्या गटाचा नियम आहे. खऱ्या बाईचा चेहरा तिच्या संमतीशिवाय कधीच नाही, आणि तिने नंतर नको म्हटले तर पोस्टर उतरवायचे, कितीही चांगले झाले असले तरी.

मैत्रिणींनो, पुढच्या आठ मार्चला तुमच्याकडेही छापील गठ्ठे येतील. ते लावण्याआधी गटात मधोमध ठेवा. मजकूर झाकून नुसते चित्र दाखवा आणि काय दिसते ते विचारा. हे कुणाला उद्देशून आहे, दोष कुणाच्या माथी जातो, ज्याला जाब विचारायचा तो चित्रात आहे का, हे विचारा. जिच्यावर हे गुदरले आहे ती या पोस्टरखाली बसू शकेल का, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले तर गठ्ठा तसाच परत पाठवा, आणि कोऱ्या कार्डशीट मागवा.

बसस्टँडवर भेटलेल्या त्या बाईला आमचे नवे पोस्टर मी अजून दाखवलेले नाही. धीर होत नाही. पण गटाच्या खोलीतली कात्री आम्ही खरवडून काढली आहे, आणि तसा निरोप तिला पाठवला आहे.