गाण्यामागचे नाव

एक ससा सिनेमात जातो, मग सर्कशीत, मग शाळेत. जाईल तिथे काहीतरी करून दाखवतो, वाहवा मिळवतो आणि लगेच आपले मागणे पुढे ठेवतो. सिनेमावाल्याकडे चहा, विदूषकाकडे पान आणि गुरुजींकडे थेट पास! कोकणातल्या म्हसळा तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीत बाईंनी हे गाणे सुरू करावे, पुढचे मुले आपणच म्हणतात. गाणे असे घरोघरी पोचले, पण ते लिहिणाऱ्या राजा मंगळवेढेकरांचे नाव किती जणांना सांगता येईल?

वसंत नारायण ऊर्फ राजा मंगळवेढेकर यांचा जन्म ११ डिसेंबर १९२५ चा. १ एप्रिल २००६ रोजी ते गेले. राष्ट्र सेवा दलात आणि साने गुरुजींच्या विचारांत घडलेल्या पिढीचे ते लेखक. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. मुलांना गोष्टी सांगण्याचा त्यांचा वसा थांबू नये म्हणून प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. गोष्ट पुस्तकात छापून थांबायचे नाही, मुलांसमोर बसून सांगायची, ही त्या चळवळीची रीत. मंगळवेढेकरांनी ती आयुष्यभर पाळली. मुलांसाठी गोष्टी, गाणी, चरित्रे लिहिली आणि ‘साने गुरुजींची जीवनगाथा’ लिहून गुरुऋणही फेडले.

समोर बसलेल्या मुलांना गोष्ट सांगणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते: मूल कंटाळले की दुसरीकडे बघते. तिथे भिडस्तपणा नसतो. मंगळवेढेकरांच्या गाण्यांत एकही ओळ रेंगाळत नाही, ते याच सरावामुळे. त्यांचा चॉकलेटचा बंगला पाहा. दार टॉफीचे, खिडक्या गोल लेमनच्या गोळ्यांच्या. इथवर कुणीही सुचवील. पण हा बंगला झाडायला येते ती खार, आणि केरसुणी म्हणजे तिच्याच शेपटीचा झुपका! कोकणातल्या मुलाने परसातल्या फणसावर हा झुपका रोज पाहिलेला असतो. खाऊच्या स्वप्नातल्या घरात अशी ओळखीची खार वावरू लागली की ते घर खरे वाटू लागते. ऐकायला सोपे, लिहायला फार अवघड असे हे काम आहे.

जपानमध्ये या कामाची थोरवी शंभर वर्षांपूर्वी ओळखली गेली. १९१८ साली सुझुकी मिएकिची यांनी ‘आकाई तोरी’, म्हणजे ‘लाल पाखरू’, हे मुलांचे मासिक काढले. शाळेत शिकवली जाणारी उपदेशाची गाणी मुलांच्या मनाला भिडत नाहीत, असे त्यांना वाटत होते. म्हणून त्यांनी किताहारा हाकुशूंसारख्या नामवंत कवींना मुलांसाठी लिहायला बोलावले. त्यातून बालगीतांची एक चळवळच उभी राहिली आणि तिचे कवी आजही तिथे नावानिशी ओळखले जातात. आपल्याकडेही विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर, शान्ता शेळके यांनी मुलांसाठी मन लावून लिहिले. तरीही बालसाहित्य म्हणजे दुय्यम, ही समजूत आपण सोडली नाही.

म्हसळ्यासारख्या तालुक्याला ही समजूत परवडणारी नाही. हा मुलूख पूर्वी जंजिरा संस्थानात होता. इथे एका घरी आगरी बोलली जाते, दुसऱ्या घरी मुसलमानी कोकणी, तिसऱ्या घरी कातकरी. पुस्तकातली मराठी या मुलांच्या कानाला परकी असते. ती थेट धड्यातून समोर आली तर मूल बिचकते. तीच गाण्यातून आली, तर आधी कान तिला ओळखतो, मग जीभ सरावते आणि अक्षराची भीती उरत नाही. पाढे आणि धडे घडाघडा म्हणून दाखवणारा तो ससा या मुलांचा पहिला वर्गसोबती ठरू शकतो.

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहायला नको. शेजारच्याच माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक उभे आहे आणि तिथे मुलांची शिबिरे होतात. आपल्या शाळांनी वर्षातून एक सहल तिकडे न्यावी. गावच्या वाचनालयाने मुलांची पुस्तके कुलपातल्या कपाटातून काढून त्यांच्या हाताला लागतील अशी मांडावीत. शिक्षकांनी आठवड्यातला एक तास गोष्टीला द्यावा आणि त्यावर परीक्षा घेऊ नये.

आणि परिपाठात गाणे म्हणण्याआधी कवीचे नाव घ्यावे. आपण म्हणतो ते गाणे कुणीतरी बसून लिहिले, हे कळलेल्या मुलालाच कधीतरी वाटेल की आपणही एक लिहून पाहावे. ते गाणे म्हसळ्याचे असेल, त्यातली बोली त्याच्या घरची असेल.