छावणीची जागा कोणासाठी?

उन्हाळी छावणी कुठे न्यायची, हा स्काऊट पथकापुढचा दरवर्षीचा साधा प्रश्न वाटतो. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये जगातील सर्वांत मोठ्या स्काऊट मेळाव्याची जी दैना झाली, तिने हा प्रश्न साधा नाही हे दाखवून दिले. जागा मुलांसाठी निवडली जाते की अन्य कोणाच्या सोयीसाठी, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक लागले की शाळाशाळांतील स्काऊट-गाइड पथकांत सुटीतील छावणीची चर्चा सुरू होते. शिक्षकांच्या खोलीत माहितीपत्रके येऊन पडतात. त्यांवर हिरवेगार डोंगर, रंगीत तंबू आणि दोरावरून झेपावणारी मुले असतात. दर, दिवस आणि जेवणाचा तपशील असतो. पाणी कोठून येते, दुपारी सावली कोठे असते आणि रात्री दोन वाजता एखाद्या मुलाचे पोट दुखू लागले तर डॉक्टर किती अंतरावर आहे, हे मात्र बहुधा कुठेच छापलेले नसते. मुख्याध्यापक खर्च विचारतात, पालक सुरक्षितता विचारतात आणि मुले पोहायला मिळेल का एवढेच विचारतात. या तिघांना उत्तर देण्याची जबाबदारी ज्या स्काऊट शिक्षकावर असते, त्याने ती जागा प्रत्यक्ष पाहिलेली असतेच असे नाही.

सेमांगमचा धडा

न पाहिलेल्या जागेची किंमत काय असते, याचे अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण शाळेच्या पातळीवरचे नाही, तर थेट जागतिक पातळीवरचे आहे. दक्षिण कोरियाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, सेमांगम येथे १ ते १२ ऑगस्ट २०२३ या काळात पंचविसावी जागतिक स्काऊट जांबोरी योजण्यात आली होती. दीडशेहून अधिक देशांतून सुमारे ४३ हजार जण तेथे जमले. त्यांतील बहुसंख्य १४ ते १७ वर्षे वयाची मुले-मुली होती.

ही जागा म्हणजे समुद्र हटवून मिळवलेली जमीन. तेहतीस किलोमीटरहून लांब बांध घालून खाडीचा प्रचंड पट्टा अडवण्यात आला आणि त्यावर भर घालण्यात आली. बाकू येथील जागतिक स्काऊट परिषदेने ऑगस्ट २०१७ मध्ये पोलंडच्या ग्डान्स्कला डावलून सेमांगमची निवड केली, तेव्हा ज्या ठिकाणी तंबू लागणार होते तेथे चिखलाचा पट्टाच होता. छावणीसाठी निवडलेली जमीन निवडीच्या वेळी अस्तित्वातच नव्हती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

मग अशी जागा का निवडली गेली? स्थानिक प्रांतिक सरकारला या रखडलेल्या भराव प्रकल्पाला गती द्यायची होती. जांबोरीचे निमित्त झाले की रस्ते, विमानतळ आणि निधी यांची मागणी पुढे रेटता येईल, हा हिशेब त्यामागे होता अशी टीका पुढे कोरियातच झाली. मुलांना कोठे राहणे बरे पडेल हा प्रश्न त्या हिशेबात शेवटी आला.

परिणाम पहिल्या दोन दिवसांतच दिसले. नव्या भरावावर झाड नव्हते, त्यामुळे सावली नव्हती. सपाट जमिनीवरून पाण्याचा निचरा होत नव्हता. जुलैच्या पावसाची डबकी तशीच साचलेली होती आणि तंबू ओलीपासून उचलून धरण्यासाठी प्लास्टिकच्या फळ्या वाटाव्या लागल्या. डास आणि किडे झाले. स्वच्छतागृहे अपुरी आणि अस्वच्छ होती. उद्घाटनाच्या सोहळ्यातच शंभरहून अधिक जण उन्हाने आजारी पडले. ब्रिटनचे साडेचार हजारांचे पथक, जे सर्वांत मोठे होते, ते मेळावा अर्धवट सोडून सोलला गेले. अमेरिका आणि सिंगापूरची पथकेही बाहेर पडली. ‘खानून’ वादळ येऊ लागले तेव्हा, ८ ऑगस्ट रोजी, हजाराहून अधिक बसगाड्या लावून उरलेली सारी छावणी उठवावी लागली.

तापमान ३५ अंशांच्या आसपास होते. अकोला किंवा चंद्रपूरच्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु घातक ठरते ती उष्णता आणि दमटपणा यांची जोडी. हवेत बाष्प भरपूर असले की घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा नवी मुंबईतील पारा ३८ च्या घरात होता, ४५ वर नव्हे. हवामान खातेही मैदानी प्रदेशासाठी ४० अंश आणि किनारपट्टीसाठी ३७ अंश असा उष्णतेच्या लाटेचा वेगवेगळा निकष धरते, ते यामुळेच. तेव्हा मे महिन्यात मुलांना कोकणात न्यायचे की घाटमाथ्यावर, हा प्रश्न निसर्गसौंदर्याचा नसून शरीरशास्त्राचा आहे.

भराव होता म्हणून?

सेमांगमच्या अपयशाचे खापर केवळ भरावाच्या जमिनीवर फोडणे मात्र चुकीचे ठरेल. २०१५ ची जागतिक जांबोरी जपानमध्ये यामागुची प्रांतातील किरारा-हामा येथे झाली. ती जागाही समुद्रातून मिळवलेली होती आणि उन्हाळा तेथेही कडक होता. तरीही तीस हजारांहून अधिक जणांचा तो मेळावा पार पडला. दोन्हींतील एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. जपानने दोन वर्षे आधी, २०१३ च्या उन्हाळ्यात, त्याच मैदानावर आपली राष्ट्रीय छावणी भरवून जागेची परीक्षा घेतली होती. कोरियातही ऑगस्ट २०२२ मध्ये अशी पूर्वछावणी ठरली होती. ती रद्द झाली. कारण करोनाचे दिले गेले, पण त्या वेळी मैदानावरील मूलभूत सुविधाही अपुऱ्याच होत्या. ज्या परीक्षेत नापास होण्याची भीती होती ती परीक्षाच टळली आणि थेट ४३ हजार जणांना तेथे उतरवण्यात आले.

दुसरा दोष जबाबदारीच्या वाटणीचा. संयोजन समितीला एक नव्हे, तब्बल पाच सहअध्यक्ष होते. त्यांत मंत्रीही होते. सुमारे ११७ अब्ज वॉनचा खर्च झाला. पण हे काम कोणाचे, असे विचारल्यावर एकाच व्यक्तीकडे बोट दाखवता येईल, अशी रचना नव्हती. कोरियाच्या लेखापरीक्षण मंडळाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जागेच्या निवडीपासून तयारीपर्यंतच्या चुकांवर ताशेरे ओढले. तोपर्यंत त्या छावणीतील मुले घरी परतून दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

याच्या नेमकी उलट रीत या चळवळीच्या जन्मापाशी आढळते. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्राउनसी बेटावर पहिली छावणी सुरू केली, तेव्हा त्यांच्याबरोबर विसेक मुले होती. बड्या शाळांतील आणि कष्टकरी घरांतील मुले एकत्र करून चार संघ पाडले होते. हे बेट त्यांच्या लहानपणापासून परिचयाचे होते. भावांबरोबर होडीतून ते तेथे गेलेले होते. म्हणजे जागा निवडणारा, जागा ओळखणारा आणि मुलांबरोबर तेथे झोपणारा माणूस एकच होता. सेमांगममध्ये या तीन भूमिका तीन वेगळ्या ठिकाणी गेल्या.

आपल्याकडचे हिशेब

महाराष्ट्रातील पथकाची छावणी ४३ हजारांची नसते. सहा ते आठ मुलांचा एक संघ, असे तीन-चार संघ आणि दोन-तीन शिक्षक एवढाच तिचा पसारा असतो. तथापि चुकीचे हिशेब येथेही तसेच होतात, फक्त लहान आकारात. संस्थाचालकांच्या ओळखीचे रिसॉर्ट आहे म्हणून, गेल्या वर्षी दुसरी शाळा तेथे गेली होती म्हणून किंवा दर सर्वांत कमी आहे म्हणून जागा ठरते.

तयार तंबू, तयार जेवण आणि तयार खेळ देणाऱ्या खासगी साहसी शिबिरांचा पर्याय शिक्षकांना सोपा वाटतो आणि तो सरसकट वाईटही नाही. दोर, हेल्मेट आणि प्रशिक्षित माणसे शाळेकडे नसतात. ती अशा चांगल्या संस्थांकडे असतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारांतील उपक्रमांच्या आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. ते नोंदणीपत्र पाहायला मागणे हा शिक्षकाचा आणि पालकाचा हक्क आहे. मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

अडचण निराळीच आहे. द्वितीय किंवा तृतीय सोपानाची तयारी करणाऱ्या मुलाने तंबू उभारायचा, दोराच्या गाठींनी लाठ्या बांधून मचाण करायचे, चूल पेटवून स्वतःच्या संघासाठी स्वयंपाक करायचा, अशी या शिक्षणाची कल्पना आहे. सारेच तयार मिळाले तर मूल तेथे पाहुणा म्हणून जाते आणि पाहुणा म्हणून परतते. शिवाय दर वाढला की महापालिकेच्या शाळेतील किंवा बेताच्या परिस्थितीतील मुले ‘गावी जायचे आहे’ असे सांगून गळतात. खरे कारण कोणी उच्चारत नाही. ज्या पथकातील चौथा संघ पैशाअभावी घरी राहतो, त्या पथकाची छावणी कितीही सुंदर जागी असली तरी ती अपुरीच म्हणावी लागेल.

म्हणून अनेक पथकांना सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या गावातील शाळेचे आवार हाच उत्तम पर्याय ठरू शकतो. विहीर किंवा नळ, चार मोठी झाडे, पाऊस आलाच तर आसऱ्याला वर्गखोल्या, जवळ प्राथमिक आरोग्य केंद्र आणि रात्री हाकेला धावून येणारे गाव एवढ्या गोष्टी महागड्या माहितीपत्रकात मिळणार नाहीत. अर्थात हे आवारही मे महिन्यातच पाहून यायला हवे. डिसेंबरात भरलेली विहीर मे महिन्यात तळाला गेलेली असते. जानेवारीत हिरवा दिसलेला उतार उन्हाळ्यात वणव्याचे इंधन असतो. किल्ल्याच्या कड्याला लागलेले आग्या मोहोळ लांबून दिसत नाही. आणि मेअखेरीस दुपारनंतर जमून येणारे वळिवाचे ढग विजा घेऊन येतात, तेव्हा उघड्या माळावरचा तंबू हा आसरा नसतो.

पाण्याबाबत तर गय नकोच. हिमाचल प्रदेशात ८ जून २०१४ रोजी बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेल्या १४ विद्यार्थ्यांना समुद्राने ओढून नेले. दोन्ही ठिकाणी पाणी वरवर शांत दिसत होते. धरणाचे विसर्ग आणि भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिक माणसाला ठाऊक असतात, बाहेरून आलेल्याला नाही. छावणीच्या जागेची चौकशी गावातल्या कोळ्याकडे, गुराख्याकडे आणि पोलीस पाटलाकडे करावी लागते ती यासाठी.

अशा दुर्घटनांनंतर सरकारी प्रतिक्रिया बहुधा बंदीच्या दिशेने जाते. मुरूडनंतरही शाळांच्या सहलींवर कडक निर्बंध आले. पण मुलांना डोंगर, नदी आणि अंधार यांपासून कायमचे दूर ठेवल्याने ती सुरक्षित होत नाहीत. ती केवळ अजाण राहतात आणि अठराव्या वर्षी कोणाच्याही देखरेखीविना त्याच पाण्यात उतरतात. छावणी रद्द करणे हा उपाय नव्हे. ती नीट निवडणे हा उपाय आहे.

परत फिरण्याचे धैर्य

भारत स्काऊट्स आणि गाइड्सची अठरावी राष्ट्रीय जांबोरी राजस्थानात पाली जिल्ह्यातील रोहट येथे झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. मारवाडच्या त्या मैदानावर मे महिन्यात छावणी लावण्याचा विचार कोणी शहाणा माणूस करणार नाही. उन्हाळ्यातच छावणी हवी हा हट्ट शाळेच्या सुटीमुळे येतो. जेथे जागा उन्हाळ्याला पेलणारी नाही, तेथे दिवाळीची सुटी किंवा थंडीतील जोडून आलेल्या सुट्या हाही पर्याय आहे, याचा पथकांनी मोकळ्या मनाने विचार करावा.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. सेमांगममधून बाहेर पडताना ब्रिटिश पथकाच्या प्रमुखांनी सावली, अन्न, स्वच्छता आणि वैद्यकीय सेवा या चार बाबींकडे बोट दाखवले. या निर्णयासाठी संघटनेला आपल्या राखीव निधीतून दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजावी लागली. ती मोजता आली, कारण असा निधी होता आणि छावणी अर्धवट सोडण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे ठरलेले होते. आपल्याकडील किती पथके निघण्यापूर्वी हे ठरवतात? बसचे परतीचे भाडे वेगळे ठेवलेले असते का? आगाऊ भरलेले पैसे बुडाले तरी चालतील, असे मुख्याध्यापक लेखी देतात का? हे आधी ठरलेले नसेल, तर तिथे पोहोचल्यावर गढूळ पाणी पाहूनही शिक्षक गप्प बसतो, कारण परत फिरण्याचा सारा दोष त्याच्या एकट्याच्या माथी येणार असतो.

२०२७ च्या जांबोरीचे यजमानपद पोलंडच्या ग्डान्स्कला, म्हणजे २०१७ मध्ये मागे पडलेल्या त्याच स्पर्धकाला, देण्यात आले आहे. तेथील तयारीकडे जगभरातील पालकांचे लक्ष राहील. पण त्याआधी दोन उन्हाळ्यांत महाराष्ट्रातील कित्येक पथके लहान-लहान छावण्यांना निघतील. त्यांच्या शिक्षकांनी रक्कम भरण्यापूर्वी एक रात्र त्या जागेवर काढली आणि तिथले पाणी प्यायले, तर माहितीपत्रकात नसलेली बहुतेक उत्तरे त्यांना सकाळपर्यंत मिळालेली असतील.